नदीपलीकडचा हुदहुद

क्लिफर्ड लार्टरला पक्ष्यांचं वेड होतं, पण फक्त इंग्लंडातल्या आपल्या नॉरफोक परगण्यातल्या पक्ष्यांचं. वसंतातला कोकीळ असो की हिवाळ्यातले कलहंस, आपल्या हद्दीत दिसला तोच खरा, त्याचीच वहीतल्या हिशेबात नोंद. वेव्हनी नदीपलीकडे सफोक परगणा. तिथं गरुड येऊन नाचला तरी याच्या लेखी कावळाच. पक्ष्यांना नकाशा वाचता येत नाही, याचा त्याला मनस्वी राग. त्यात त्याच्या लेकीनं, जिलियननं, संसार थाटला तो नेमका सफोकात. "तिकडे जाऊन काय करू? तिथलं काही हिशेबात धरत नाहीत," असं म्हणत नातू चालायला लागला तरी आजोबांनी पूल ओलांडला नव्हता.

एप्रिलात, त्या भागात क्वचितच दिसणारा, वाट चुकलेला एक हुदहुद आला आणि मेला बसला पलीकडच्या काठावर. क्लिफर्ड अलीकडच्या चिखलात उभा राहून, दुर्बीण लावून सकाळपासून त्याला शिव्या घालत होता. तेवढ्यात पलीकडे जिलियन आली, कडेवर पोर.

"बाबा, हा बघा, तुम्हाला टाटा करतोय!"

"टाटा नंतर! आधी त्या मेल्याला इकडे हाकल!"

पोरगी गुणाची. तिनं टाळ्या पिटल्या. हुदहुद उडाला, नदी ओलांडून नॉरफोकात शिरला, आणि क्लिफर्ड लेकीकडे पाठ करून चिखल तुडवत त्याच्यामागे धावला.

"मेव्हिस, मिळाला!" घरात पाय ठेवताच तो ओरडला.

बायको चहा ओतत म्हणाली, "जिलियनचा फोन होता. नातू दिसला म्हणे तुला?"

"दिसला ना. पण सफोकात होता तो. हिशेबात कसा धरणार?"