बाईंचा ण

"पोरी, जरा पानी आन गं," सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या. "आजी, पानी नाही, पाणी म्हण," माझी लेक हसत म्हणाली, आणि भाकरी थापता थापता माझा हात परातीतच थांबला.

सोनईच्या शाळेत, नववीच्या वर्गात, मी बाकावर उभी होते. समोर मराठीच्या बाई, हातात पट्टी. "म्हण, पाणी." मी म्हणायचे, "पानी." पाचव्या वेळी मागची मुलं खिदळली. जिभेला तो ण काही सापडेना. बाईंचं बोलणं मात्र इस्त्री केल्यासारखं. त्या पुण्याच्याच असाव्यात, असं आम्हाला वाटे.

सहाव्या वेळी त्यांनी पट्टी उचलली, तेवढ्यात शाळेचे शिपाई दाराशी आले. खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या घरनं निरोप हाय. वडील गेले."

बाईंनी टेबलाचा काठ घट्ट धरला. "कवा?" एवढंच विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, जरा पानी आन गं."

मी बाकावरून उतरून माठाकडे धावले. कोणीच हसलं नाही.

तेव्हा वाटलं, दुःखानं बाईंची जीभ अडखळली. आज वाटतं, त्या क्षणी बाई आपल्या घरी पोचल्या होत्या. त्यांनाही कधीतरी कुणीतरी असंच बाकावर उभं केलं असणार.

ओसरीवर सासूबाई ओशाळून खाली बघत होत्या. मी लेकीला म्हटलं, "आधी आजीला पानी दे."