पाथरवटाची कबुली

सोलापूरच्या भवानी पेठेत जात्यांना टाकी लावणारा एक पाथरवट होता. दगडावर अंगठ्याचे नख फिरवल्याशिवाय तो कुणाशी बोलत नसे.

शेजारच्या काकूंनी काशीहून शाळिग्राम आणला. त्याच्या फुटक्या बाजूने आतले वेटोळे आणि त्यातले कागदासारखे पातळ पडदे दिसत. "बाजारात कोरलेला आहे, वहिनी. विहिरीत टाका," दीर म्हणाले. काकू रडकुंडीला आल्या आणि त्यांनी पाथरवटाला बोलावले.

त्याने नख फिरवले. "टाकीचा घाव न्हाय की ह्याला."

"तुझ्यासारख्याच कुणीतरी कोरला असेल," दीर हसले.

"मग मी कोरून दावतो, मालक."

आठ दिवस तो खपला. नवव्या दिवशी पडदे तुटलेले पाच दगड त्याने दिरांपुढे ओळीने मांडले आणि ताठ उभा राहिला. "मला जमलं न्हाय! म्हंजे सोलापुरात कुनालाच जमायचं न्हाय."

दिरांनी शाळिग्राम स्वतः देवघरात ठेवला.

पुढे शाळेतल्या मास्तरांनी पाथरवटाला सांगितले, की शाळिग्राम हे फार जुन्या समुद्रातल्या एका प्राण्याचे दगड झालेले कवच आहे. त्याची मान आणखीच वर झाली.

"बगा! हरलो, पर कुना मानसाकडनं न्हाय."