कोऱ्या जागेचं गीत

एक आवडता शब्द चाळीस दिवस तोंडातून न काढता राहाल का तुम्ही? मी राहणार नाही. पत्रकं वाचत वाढलो, आता स्वतःच काढतो. सुचलेला शब्द संध्याकाळपर्यंत छापून वाटायचा, हा माझा धर्म.

अहमदपूरच्या बसस्थानकाजवळ सायकली दुरुस्त करणारे कॅथलिक काका चर्चसाठी गीतं लिहितात. चाकाच्या तारांवर पान्हा वाजवत मात्रा मोजतात आणि ओळ लंगडली की चाकाकडेच रागानं बघतात.

यंदा त्यांचं ईस्टरचं गीत मी छापायला घेतलं. ईस्टरआधी चाळीस दिवस उपवासकाळ. त्यात 'आलेलुया' हा आनंदाचा शब्द चर्चमध्ये गात नाहीत. काका तर लिहीतही नाहीत. त्यामुळे ध्रुवपदात कोरी जागा होती.

"काका, शब्द राहिला."

"राहिला न्हाई, थांबलाय."

"मी भरतो. मला कुठं उपवास आहे?"

"तुला न्हाई रे क्रांतिवीरा, गीताला हाय."

"लोक म्हणतील, याला छापता येत नाही."

"म्हणू दे. न्हाईतर कागद वापस दे."

तत्त्वासाठी अडणारा माणूस मला लगेच ओळखू येतो. जागा कोरीच छापली.

ईस्टरच्या सकाळी काका चर्चच्या दारात पेन घेऊन उभे होते. माणसं एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून तो शब्द लिहीत होती. मग सगळे असे गायले, की मीही ओढला गेलो.

थोड्या प्रती उरल्यात. काकांच्या सायकलच्या दुकानातून एक घ्या आणि ती जागा स्वतःच्या हातानं भरा. पेन मात्र काकांना परत द्या.