वोनन, वेनन आणि मंजू

मिरज स्टेशनवर मंजूनं तात्यांचं बोट सोडलं नाही. शेवटी मीच सोडवलं. साल १९७७. ती सहा वर्षांची. आम्ही नवरा-बायको दोन वर्षं आधीच कुवेतला गेलो होतो. मी नर्स, हे लॅब टेक्निशियन. इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, आणि फ्लॅट मार्गी लागेपर्यंत ती माझ्या आईवडिलांकडे होती. गाडी हलली तसे माझे वडील, तात्या, खिडकीबरोबर चालत म्हणाले, "होईल सवय." ते संस्कृतचे मास्तर. हे ते तिला म्हणाले, मला की स्वतःला, कोण जाणे.

कुवेतमधल्या आमच्या हवल्ली भागात सवय होईना. मंजू शाळेत तोंड उघडायची नाही, घरी चार घासांवर ताट सारायची. ड्यूटीवरून आले की मी विचारायचे, "आज करमलं का गं?" उत्तर ठरलेलं, "मला घरी जायचंय." दोन महिन्यांत फ्रॉक अंगावर लोंबायला लागले. हे म्हणाले, "पोरीचे हाल नकोत. सुट्टीत परत तात्यांकडे सोडू." मी हो म्हटलं आणि बाथरूमचा नळ सोडून रडले.

तेव्हा आमच्या वॉर्डात मारेके नावाची डच बाई होती. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन लावून सहा आठवडे पडून. नवरा कुवेतमध्येच, मंगफ गावात इंजिनियर. मी कुठं राहते असं तिनं सहज विचारलं, आणि मी मंजूचं सगळं सांगून बसले. "ती हवल्लीत राहत नाही हो, नुसती असते."

मारेके छताकडे बघत म्हणाली, "आमच्यात राहण्याला वोनन म्हणतात, आणि सवय होण्याला वेनन. जन्मभर दोन्ही बोलतेय. बहिणी असतील का गं या?"

शब्दांचा नाद मला तात्यांकडून आलेला. आता आम्हा दोघींना चैन पडेना. तिची बहीण हॉलंडमध्ये भाषा शिकवायची, तिला पत्र गेलं. मी रोज डबा उघडायच्या आधी विचारायचे, "आलं का?"

तीन आठवड्यांनी आलं. वोनन, वेनन आणि त्यांचा 'नेहमीचं, साधं' या अर्थाचा शब्द, सगळी एकाच घरची माणसं. आणि जाणकारांच्या मते अगदी मुळात अर्थ होता आवडणं, हवंसं वाटणं. आधी आवडायचं, मग अंगवळणी पडायचं, मग राहायचं. खाली लिहिलं होतं, "तुझ्या नर्सला सांग, संस्कृतातला वन् धातू यांचाच नातलग मानतात."

मी थर्मामीटर हातात धरून तशीच उभी. वनिता! हवीशी वाटलेली, असा अर्थ तात्यांनीच सांगितलेला. आणि मी पोरीला इतके दिवस 'करमलं का' हा शेवटचा प्रश्न विचारत होते. पहिला विचारलाच नव्हता.

संध्याकाळी विचारला. "मंजू, इथलं तुला काय आवडतं?"

तिनं हवेत हात थापून दाखवला. मग, "तो माणूस उशीवर पोळी थापतो ना, ते."

कोपऱ्यावरचा इराणी रोटीवाला. पीठ उशीवर ताणून भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवायचा. ती स्कूलबसमधून रोज बघत होती. आम्ही गेलो. त्यानं हसून गरम तुकडा दिला, तो तिनं उभ्याउभ्या संपवला. मग रोजच जायला लागलो. आठवड्याभरात तिनं पंजा पसरून स्वतःच सांगितलं, "खमसा!" म्हणजे पाच. तिचा पहिला अरबी शब्द.

सुट्टीत तिघं मिरजेला गेलो, तिघं परत आलो.

आपल्या 'राहणे'चं मला तेव्हापासून नवल वाटतं. मी कुवेतला राहते, आणि माझं सगळं मिरजेत राहिलं. दोन्हीकडे तेच क्रियापद. माझं घरही असंच, एका शब्दात दोन ठिकाणी. मंजूचं मात्र तसं नाही.

सत्याऐंशीच्या सुट्टीत मिरजेला शेजारच्या काकूंनी सोळा वर्षांच्या मंजूला विचारलं, "कुठली गं तू?"

"हवल्लीची," ती चटकन म्हणाली.

मी स्वयंपाकघराच्या दारातून तात्यांकडे बघितलं. ते पलीकडेच बसलेले. त्यांनी ऐकलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून म्हणाले, "सांग बघू, कसं आहे तुझं गाव."

ती अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत सांगत सुटली. मी आतून ऐकत होते. त्यातलं कितीतरी मलाही नवीन होतं.