रिलेच्या तोंडात कागद

भूम तालुक्यातल्या एका सबस्टेशनवर मी दोन वर्षं कंत्राटी ऑपरेटर होतो. खंडेनवमीला तिथल्या पॅनेलची पूजा व्हायची. ब्रेकरला झेंडूचा हार, रिलेच्या काचेवर हळदकुंकू, पुढ्यात नारळ. आमच्यातले सगळ्यात जुने ऑपरेटर, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, हात जोडून मिनिटभर डोळे मिटून उभे राहायचे. आणि रब्बीच्या मोटारी सुरू झाल्या की तेच काका काच उघडून उदबत्तीच्या पुड्याचा एक कपटा त्याच रिलेच्या आत खुपसायचे.

हा रिले काय करतो ते सांगायला हवं. अकरा हजार व्होल्टच्या तारेतला प्रवाह थेट मोजायला फार मोठा असतो. म्हणून सीटी नावाचं उपकरण त्याची लहान नक्कल करून रिलेकडे पाठवतं. रिले त्या नकलेवर सतत लक्ष ठेवून असतो. प्रवाह ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की त्याच्या आतली चकती फिरू लागते. बिघाड जितका मोठा, तितकी ती वेगानं फिरते. फिरत जाऊन ती दोन टोकं एकमेकांना टेकवते, मग बॅटरीचा प्रवाह ब्रेकरला पोचतो आणि ब्रेकर लाइन तोडतो. रिले स्वतः काहीच तोडत नाही. तो सांगतो, बस.

आमच्या प्रत्येक फिडरला, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या प्रत्येक लाइनला, असे तीन रिले होते. दोन जास्त प्रवाह ओळखणारे आणि तिसरा अर्थ फॉल्टचा. तीन तारांमधल्या प्रवाहांचा हिशेब जुळत नसेल, म्हणजे वीज कुठंतरी जमिनीत उतरत असेल, तर ते या तिसऱ्याला कळतं. तार तुटून कोरड्या मुरमाड रानात पडली, तर जमिनीत जाणारा प्रवाह इतका थोडा असतो की पहिल्या दोघांना त्याचा पत्ताही लागत नाही. अशा वेळी माणूस आणि मरण यांच्यामध्ये तो तिसराच उभा असतो. कागद त्याच्याच दोन टोकांमध्ये होता.

"काका, हा कागद कशाला?" मी विचारलं.

"हंगाम हाय. ह्यो लई किरकिऱ्या. पाखरू बसलं तरी वरडतो."

"वरडायलाच बसवलाय की त्याला."

"झालं का तुझं पत्रक सुरू? कॉम्रेड, भाषण पारावर दे. हितं फोन घ्यायचे असत्यात."

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील मोर्च्यांची पत्रकं लिहायचे, मी त्यांवरच वाचायला शिकलो. त्यामुळे मला गप्प बसणं अवघड गेलं. मी कागद काढून टाकला.

त्या दिवशी फिडर चार वेळा ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. दर वेळी कुठल्या रिलेची खुणेची पट्टी पडली ते मी लिहिलं, लाइनमनला लाइन बघून यायला सांगितलं आणि मगच पुन्हा चालू केला. लाइनवर बाभळीच्या फांद्या टेकत होत्या, खांबांवर तार पेलणारे चिनीमातीचे कप तडकले होते. फांद्या तोडा, कप बदला, रिले आपोआप शांत होईल, इतकं सोपं होतं ते. दुपारी गावचे पुढारी पाच-सहा जणांना घेऊन आले आणि माझ्याच खुर्चीत बसले.

"हे पोरगं लाइट घालवतंय म्हणं. शिकलेलं दिसतंय," असं म्हणत त्यांनी साहेबांना फोन लावून माझ्या हातात दिला.

साहेब म्हणजे आमचे इंजिनिअर. ते शांतपणे म्हणाले, "नियम मलाही पाठ आहेत. लाइनवर पाठवायला माणसं नाहीत. हंगाम काढा."

मनात जळजळीत वाक्यं जुळत होती. आणि हात काच उघडत होता. मी कागद परत घातला.

आठवड्याभरानं, सकाळी साडेनऊला, मी पॅनेलसमोर चहा पीत होतो. मीटरचे काटे आपापल्या जागी होते. फोन आला, "तार पडली, म्हैस गेली, बंद करा." मी हातानं ब्रेकर उघडला. तार पडून तेव्हा पाव तास झाला होता, हे मागाहून कळलं. खव्याच्या भट्टीला दूध घालणारी एक बाई म्हैस घेऊन बांधावरून चालली होती. म्हैस तडफडताना ती दावं सोडेना. दिरानं तिला मागून ओढलं म्हणून ती वाचली.

साहेब यायच्या आत काकांनी कागद काढला आणि काच पुसली. कुंकवाचा डाग तेवढा राहू दिला. साहेबांनी अहवाल लिहिला, बाईच्या घरच्यांनी वीज चोरायला आकडा टाकल्यामुळे तार तुटली. खरं तर तिच्या मोटारीचं कनेक्शन रीतसर होतं. खाली 'रिले सुस्थितीत' असं लिहून माझ्या सहीसाठी जागा सोडली होती.

"कर की सही," काका म्हणाले. "रिले चांगलाच हाय. खोटं काय त्यात?"

मला त्यांची किळस आली. त्यांनी दिलेल्या पेनची, त्या टेबलाची, सगळ्याचीच. सही न करता मी उठलो.

दुसऱ्या दिवशी मी बाईच्या घरी गेलो. ती रिकाम्या दावणीजवळ बसली होती.

"म्हस गेली ती गेली," ती म्हणाली. "पर समदं गाव चोर म्हनतंय. भट्टीवर गेले तर बाया बोलायच्या थांबत्यात."

मी तिला सगळं सांगितलं. रिले, कागद, पाव तास, अहवाल. ती ऐकत राहिली.

"तुमाला ठावं हुतं, कागद असल्यावर काय हुतंय त्ये?"

"होय."

"मग ह्ये लिवून द्या."

मी तिथंच बसून पानभर लिहिलं. त्यात साहेब आले, पुढारी आले, काका आले, व्यवस्था आली. शब्द भराभर सुचत होते. तिला वाचून दाखवलं.

"समद्यांची नावं आली," ती म्हणाली. "त्या येळंला कागद कुनी घातला हुता, त्ये न्हाय आलं."

मी पेनला टोपण लावलं.

"कुनी घातला?"

"मी."

"मग लिवा की."

मी लिहिलं. तीन शब्दांची ओळ, 'कागद मी घातला', आणि खाली सही. तिनं पान हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि मला परत दिलं.

"थांबा," ती म्हणाली. "शेजारनींना हाक मारते. त्यांच्याम्होरं पुन्यांदा वाचा."

चौघीजणी आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. मी वाचायला सुरुवात केली.