टेम्पोमागचा आठ नंबर

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर भला मोठा आठचा आकडा आहे, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. पोर्तुगालच्या माझ्या लाडक्या फुटबॉलपटूचा तो नंबर. आमच्या कामथडीच्या टीममध्ये माझाही तोच.

त्या गड्याचा गुडघा गेला, खेळ सुटला आणि तो क्लबचा मॅनेजर झाला. आता मॅच चालू असली की कोट घालून रेषेबाहेर नुसत्या येरझाऱ्या घालतो. मोबाईलवर बघताना मी चिडायचो, अरे बाबा, एका जागी उभा राहा की!

आता माझाही गुडघा बोलायला लागलाय. आज सकाळी टीममधली पोरं घरी आली. म्हणाली, "दादा, रविवारी तुमी खेळू नका. भायेर थांबून आमाला सांगा, कसं खेळायचं ते."

मी हो म्हणालो. वर हसलोसुद्धा.

मग तडक टेम्पो काढला आणि नसरापूरला पेंटरकडं गेलो. म्हटलं, हा आठ पुसून टाका.

त्यानं फडका थिनरमध्ये बुडवला आणि विचारलं, "ह्याच्या जागी काय लिवू?"

मी त्याच्या शेडसमोर इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरत राहिलो. शेवटी तो वैतागला, "आवो, एका जागी उभं ऱ्हावा की!"

टेम्पो तसाच परत आणलाय. आठ अजून आहे तिथंच आहे.

तुम्हीच सांगा, ज्याचा नंबर गेला त्यानं मागं काय लिहायचं?