कापडी होडीतला सोबती

कुंडलचा ज्ञानू कृष्णेच्या पुरात पोहणारा गडी, म्हणून पलटणीनं त्याला कापडी होडीवर घेतलं. लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेली, जेमतेम दोन माणसं मावतील अशी ती अरुंद होडी. पुढं बसायला आटपाडीचा कोंडीबा मिळाला. मेंढरं राखणाऱ्या घरातला. पोहता येत नव्हतं, पण नजर लय लांबची. पंचेचाळीस सालच्या हिवाळ्यात दोघं ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यानं वल्ही मारत जायचे आणि जपान्यांच्या तोफा कुठं आहेत ते हेरून यायचे.

एका सकाळी लाटेनं होडी खडकावर आपटली. गोड्या पाण्याचा डबा फुटला आणि सांगाड्याची मोडलेली फळी कोंडीबाच्या पोटात घुसली. ज्ञानूनं सदरा फाडून जखम बांधली, होडी माघारी वळवली. किनारा म्हणजे नुसते उभे कडे. टेकायला जागाच नाही.

ऊन चढलं.

"ज्ञानू, पानी दे रं."

"फुडं वडा लागंल, गड्या. जरा दम धर."

ओढा लागलाच नाही. कोंडीबा मेंढरांना हाका मारू लागला, मग गप्प झाला. दुपार कलल्यावर ज्ञानूनं त्याच्या अंगाला हात लावला. गार पडलं होतं. तरी तो त्याच्याशी बोलत वल्हवत राहिला. शेवटी होडीत पाणी भरू लागलं, तेव्हा ती हलकी करायला त्यानं स्वतःच्या हातानं कोंडीबाला समुद्रात सोडलं.

लढाई संपल्यावर ज्ञानू घरी जायच्या आधी आटपाडीला गेला. कोंडीबाची आई हरणाबाई दारात लोकर पिंजत होती. पोरगा गेल्याचं तिला कळलं होतं, कसा गेला ते नव्हतं. आपण त्याच्याच होडीत होतो, एवढं ज्ञानूनं सांगितलं.

"कुटं पुरलास त्येला?"

"समुद्रात सोडला, आई. जिमीनच न्हवती."

"तितं पानी लय आसतंय म्हनं."

"हाय. पर खारट. पेता येत न्हाई."

तिचे हात थांबले. "मंग त्येनं मागितलं आसंल की."

खोटं बोलावं असं ज्ञानूच्या मनात आलं. जमलं नाही.

"मागितलं. माज्याकडं न्हवतं."

हरणाबाईनं लोकर बाजूला सारली. मग उठून तिनं तांब्या भरून आणला.

"लांबनं आलायस, लेकरा. पी."

तांब्या तसाच हातात धरून ज्ञानू रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढं ती असेपर्यंत तो दर उन्हाळ्यात आटपाडीला जाई, मेंढरं कातरायला मदत करी. कोंडीबाचं नाव दोघंही काढत नसत.